पुणे परिसरातील पक्षिनिरीक्षण: जागा कशा शोधाव्यात आणि नोंदी कशा द्याव्यात? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पक्षिनिरीक्षणाची नव्याने गोडी लागलेल्यांकडून साधारण तेच ते प्रश्न येतात: कुठे जायचे, कधी जायचे, आणि जे दिसले ते कोणाला व कसे सांगायचे. त्या प्रश्नांची उत्तरे येथे पुणे व आसपासचा प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. राज्याच्या इतर भागांतील वाचकांना जागांची नावे बदलून घ्यावी लागतील, परंतु जागा शोधण्याची आणि नोंद ठेवण्याची पद्धत तीच राहील.

सुरुवात करण्यासाठी सर्वांत चांगली जागा कोणती?

घरापासून चालत जाता येईल अशी कोणतीही जागा. हे उत्तर ऐकून अनेकांचा हिरमोड होतो, कारण त्यांना रोहित पक्ष्यांचे थवे पाहायचे असतात. तरीही आमचे मत ठाम आहे. सोसायटीमागचा ओढा, महाविद्यालयाचे आवार किंवा जवळची टेकडी येथे आठवड्यातून एकदा, साधारण एकाच वेळी, वर्षभर गेल्यास तांबट, दयाळ, शिंजीर, शिंपी, कोतवाल, वटवट्या, खंड्या आणि शिक्रा हे पक्षी इतके परिचयाचे होतात, की त्यांच्यात एखादा वेगळा पक्षी आला तर तो लगेच लक्षात येतो. शिवाय धोबी पहिल्यांदा कधी दिसला, पावशा कधी ओरडू लागला, सुगरणींनी घरटी कधी विणायला घेतली, हे अशा रोजच्या जागेवरच नेमके कळते. वर्षातून एकदा भेट दिलेल्या प्रसिद्ध ठिकाणी हे कळणे शक्य नाही.

जवळपासची चांगली जागा शोधायची कशी?

प्रथम फोनवरील नकाशा उपग्रह-दृश्यात उघडावा आणि घरापासून दहा-पंधरा किलोमीटरचा परिसर सावकाश न्याहाळावा. पाझर तलाव, बंधारे, खाणींत साचलेले पाणी, नदीकाठची झाडी, गायराने, देवराया आणि टेकड्यांचे उतार त्यात स्पष्ट दिसतात. यांपैकी दोन प्रकारचे अधिवास जेथे एकमेकांना भिडतात, तेथे पक्ष्यांची विविधता सहसा अधिक असते. शेताला लागून तलाव असेल, किंवा माळरान संपून झुडपी जंगल सुरू होत असेल, तर अशा सीमेवरून एक चक्कर अवश्य मारावी.

दुसरा मार्ग ई-बर्डचा आहे. या संकेतस्थळावरील आणि अ‍ॅपमधील नकाशावर इतर निरीक्षकांनी नोंदवलेली ठिकाणे ‘हॉटस्पॉट’ म्हणून दिसतात. एखाद्या ठिकाणावर कोणकोणते पक्षी दिसले आहेत आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात किती वेळा दिसले आहेत, याचा आलेखही तेथे मिळतो. तो आलेख पाहून जाण्याचा महिना ठरवावा, म्हणजे एप्रिलमध्ये बदके शोधत फिरण्याची वेळ येत नाही. मात्र नकाशावर जेथे एकही हॉटस्पॉट नाही, तेथे पक्षी नाहीत असे समजू नये. बहुतेक वेळा तेथे अद्याप कोणी दुर्बीण घेऊन गेलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ असतो. अशी रिकामी जागा आपण भरणे हे ओळखीच्या तलावावरच्या आणखी एका यादीपेक्षा मोलाचे काम आहे.

तिसरा मार्ग माणसांचा. मेंढपाळ, मासेमार, गुराखी आणि पहाटे शेतावर जाणारे शेतकरी यांना कोणते पाणी कधी आटते, टिटवी कुठे अंडी घालते, मोर कोणत्या झाडावर रात्र काढतात, हे ठाऊक असते. त्यांच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय गावाच्या शिवारात शिरू नये. त्यात माहितीही मिळते आणि सौजन्यही राखले जाते.

पुण्याच्या आसपास कोणती ठिकाणे पाहावीत?

शहरातच सुरुवात करायची तर वेताळ टेकडी उत्तम. जुन्या दगडखाणीतील पाणी, झुडपे आणि मोकळे गवत एकाच फेरीत पाहता येते, आणि मोर व तितर यांचे आवाज तर हमखास ऐकू येतात. पाषाण तलाव हा एकेकाळी हिवाळी बदकांसाठी नावाजलेला होता. जलपर्णी, सांडपाणी आणि काठावरील बांधकामे यांमुळे त्याचे रूप पालटले आहे, आणि म्हणूनच तेथे नियमित नोंदी घेणाऱ्यांची आज अधिक गरज आहे.

सोलापूर रस्त्यावर, शहरापासून साधारण वीस किलोमीटरच्या आत, मुळा-मुठेवर कवडीपाट आहे. येथे जुना दगडी बंधारा असून त्याच्या काठावरून पाणपक्षी बऱ्याच जवळून दिसतात. हिवाळ्यात थापट्या, चक्रवाक, शेकाट्या, धोबी, नदी सुरय आणि चित्रबलाक यांची येथे वर्दळ असते. नदीचे पाणी अत्यंत प्रदूषित आहे, दुर्गंधी असते, प्लॅस्टिकचे ढीग बंधाऱ्याला अडकलेले असतात. एवढे पक्षी दिसतात म्हणजे नदी निरोगी आहे, असा निष्कर्ष येथे मुळीच काढू नये. चिखलातील किडे आणि सेंद्रिय घाण यांवर वाढणारे अन्न काही जातींना मानवते, तर स्वच्छ पाण्यावर अवलंबून असलेल्या जाती निघून जातात. त्यामुळे कोणत्या जाती वाढल्या आणि कोणत्या दिसेनाशा झाल्या, हे पाहणे गरजेचे ठरते.

सिंहगडाच्या पायथ्याची दरी वनपक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. स्वर्गीय नर्तक, नीलिमा, शीळकरी कस्तूर आणि मे अखेरीपासून पावसाच्या तोंडावर येणारा नवरंग हे येथले आकर्षण. सुट्टीच्या दिवशी मात्र पाणवठ्याभोवती छायाचित्रकारांची इतकी दाटी होते, की पाण्यावर येणारा पक्षी माघारी फिरतो. शक्य असल्यास कामाच्या दिवशी जावे, आणि पाणवठ्याजवळ बसकण मारण्याऐवजी ओढ्याच्या कडेने हळूहळू चालावे.

सासवड, जेजुरी, मोरगाव आणि सुपे या पट्ट्यातील माळराने आमच्या मते पुण्याचा सर्वांत मौल्यवान आणि सर्वांत दुर्लक्षित पक्षी-प्रदेश आहेत. धाविक, पखुर्डी, चंडोल, डोंबारी आणि हिवाळ्यात जमिनीलगत तरंगत जाणारे भोवत्या हे पक्षी येथे दिसतात. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. बाकी माळ सरकारी दप्तरात अनेकदा ‘पडीक’ म्हणून नोंदलेला असतो. येथील बरेच पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि ती मातीच्या रंगात पूर्णपणे मिसळून जातात. त्यामुळे रूढ गाडीवाट सोडून वाहन माळावर घालणे म्हणजे न दिसणारी घरटी चिरडणे होय. कृपया हे कधीही करू नये.

भिगवणला कधी जावे?

उजनी धरणाच्या फुगवट्यावरील भिगवण, कुंभारगाव आणि डिकसळ हा परिसर पुण्यापासून सुमारे १०० किलोमीटरवर आहे. पावसाळ्यानंतर धरण तुडुंब असताना उथळ काठ पाण्याखाली असतात, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांची निराशा होऊ शकते. पाणी उतरू लागले की गाळाचे किनारे उघडे पडतात आणि चिखलात अन्न शोधणाऱ्या पक्ष्यांना जागा मिळते. म्हणून जानेवारी ते मार्च हा काळ सर्वसाधारणपणे चांगला. मोठे रोहित, पट्टकादंब, उघडचोच, चित्रबलाक, पाणटिवळे, कुरव आणि मीनखाई घार येथे पाहता येतात. धरणातील पाण्याची पातळी दरवर्षी वेगळी असल्याने निघण्यापूर्वी स्थानिक नावाड्यांकडे चौकशी करावी. नावाड्याला थव्याच्या जवळ नाव नेण्याचा आग्रह कधीही करू नये. थवा उडवून छायाचित्र काढण्यासाठी जादा पैसे देऊ करणारे पर्यटक असतात, आणि त्यांच्यामुळे दूरवरून आलेल्या पक्ष्यांची शक्ती अकारण खर्च होते.

पुण्याबाहेरची काही ठिकाणे?

निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे २०२० साली जाहीर झालेले महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानली गेलेली पाणथळ जागा) असून गोदावरी व कादवा यांच्या संगमापाशी आहे. ठाण्याची खाडी लहान रोहितांसाठी, पनवेलजवळचे कर्नाळा वनपक्ष्यांसाठी आणि पैठणचे जायकवाडी हिवाळी पाणपक्ष्यांसाठी ओळखले जाते. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्य आहे. त्याच्या खारफुटीतून नावेने किंवा पायवाटेने फिरता येते.

दिवसाची कोणती वेळ योग्य?

वनपक्ष्यांसाठी सूर्योदयापासून पुढचे दोन-तीन तास. पाणपक्ष्यांच्या बाबतीत घाई नाही. उन्हे वर आल्यावरही ते दिसतात, फक्त सूर्य आपल्या पाठीमागे राहील अशा काठावर उभे राहावे. खाडीवर जायचे असेल, तर घड्याळापेक्षा भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहावे.

कोणती दुर्बीण घ्यावी?

८×४२ अशी लिहिलेली. आठपट मोठे दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर असतो, म्हणून पहाटेच्या अंधुक प्रकाशातही चित्र पुरेसे उजळ दिसते. वीसपट किंवा त्याहून अधिक मोठे दाखवण्याचा दावा करणाऱ्या स्वस्त दुर्बिणी हातात स्थिर राहत नाहीत.

पक्षी ओळखण्यासाठी अ‍ॅपवर विसंबावे का?

मर्लिनसारखे अ‍ॅप फोटोवरून व आवाजावरून नाव सुचवते, आणि शिकण्यासाठी ते निश्चितच उपयोगी आहे. परंतु ती सूचना असते, निर्णय नव्हे. कोतवाल शिक्र्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, हरेवाही इतरांचे आवाज काढतो, आणि वाहनांच्या गोंगाटात अ‍ॅपचा अंदाज आणखी चुकू शकतो. अ‍ॅपने नाव सांगितल्यावर पक्षी डोळ्यांनी शोधावा. आकार, चोच, शेपटी, बसण्याची लकब आणि अधिवास हे सगळे जुळत असेल, तरच नोंद करावी. जुळत नसेल तर ‘पाणटिवळा, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे. ई-बर्डमध्ये तशा नोंदीची सोय आहे, आणि अशी प्रामाणिक अर्धवट नोंद ही आत्मविश्वासाने केलेल्या चुकीच्या नोंदीपेक्षा कितीतरी उपयोगाची असते.

नोंदी कोठे द्याव्यात? व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकल्या तर पुरेसे नाही का?

गटावर जरूर टाकाव्यात, त्यातून ओळखी होतात आणि शिकायला मिळते. पण गटावरचा संदेश दोन दिवसांत खाली जातो, आणि पाच वर्षांनी ‘या तलावावर पूर्वी किती बदके येत असत?’ असे कोणी विचारले, तर तो शोधूनही सापडत नाही. म्हणून कायमस्वरूपी नोंद ई-बर्डमध्ये करावी. अमेरिकेतील कॉर्नेल पक्षिविज्ञान प्रयोगशाळा आणि ऑडुबॉन सोसायटी यांनी २००२ साली सुरू केलेला हा उपक्रम निःशुल्क आहे, आणि भारतात ‘बर्ड काउंट इंडिया’ हा गट त्याचे काम पाहतो. पक्ष्यांची नावे मराठीतून दिसण्याची सोय त्यात आहे. एखाद्याच पक्ष्याचा फोटो हाती असेल आणि त्याची ओळख इतरांकडून पडताळून घ्यायची असेल, तर आय-नॅचरलिस्ट अधिक सोयीचे पडते.

‘पूर्ण यादी’ म्हणजे नेमके काय?

यादी पाठवताना ई-बर्ड विचारते, की तुम्हाला ओळखता आलेल्या सर्व पक्ष्यांची ही नोंद आहे का? एकही ओळखलेला पक्षी मुद्दाम वगळला नसेल, तर उत्तर ‘होय’ द्यावे. दिसलेला प्रत्येक पक्षी ओळखता आला पाहिजे अशी अट नाही. ओळखलेला पक्षी गाळला नाही, एवढीच अट आहे. कावळा, साळुंकी, पारवा आणि घार यांना ‘हे तर नेहमीचेच’ म्हणून सोडून दिले, की ती यादी अपूर्ण होते.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पूर्ण यादीत एखाद्या पक्ष्याचे नाव नसेल, तर तो त्या वेळी तेथे आढळला नाही, असे म्हणता येते. अशा शेकडो याद्यांपैकी किती टक्के याद्यांत चिमणी आहे हे मोजले, की चिमण्यांची स्थिती वर्षागणिक कशी बदलते आहे याचा अंदाज बांधता येतो. केवळ दुर्मीळ पक्ष्यांच्या निवडक नोंदींवरून असा अंदाज कधीच करता येत नाही. यादी किमान १५ मिनिटांची असावी, सुरुवातीची वेळ, एकूण कालावधी आणि चाललेले अंतर बिनचूक असावे, आणि शक्यतो एका ठिकाणाची एक यादी करावी. सकाळी कवडीपाट आणि दुपारी भिगवण अशी सरमिसळ झाली, तर कोणता पक्षी कुठला हे पुढे कोणालाच सांगता येणार नाही.

हजारोंच्या थव्याची मोजणी कशी करायची?

थव्याच्या एका टोकाचे दहा किंवा पन्नास पक्षी प्रत्यक्ष मोजावेत, त्यांनी दुर्बिणीत किती जागा व्यापली ते लक्षात ठेवावे, आणि तेवढे गट संपूर्ण थव्यात किती बसतात ते पाहावे. पळस आणि पांगारा फुलल्यावर उतरणाऱ्या भोरड्यांचे थवे अशाच रीतीने मोजले जातात. अंदाजे आकडाही चालतो. आकडा देणे अशक्यच असेल तर नुसते ‘होता’ अशी खूण करता येते, पण ती शेवटचा पर्याय म्हणून वापरावी.

माझी नोंद अमान्य का झाली?

त्या जिल्ह्यात, त्या महिन्यात अनपेक्षित असलेला पक्षी किंवा फार मोठी संख्या नोंदवली, की ती नोंद तपासणीसाठी बाजूला ठेवली जाते. स्थानिक पक्ष्यांची चांगली जाण असलेले स्वयंसेवक ती पाहतात आणि गरज वाटल्यास ई-मेलने तपशील विचारतात. यात अविश्वासाचा भाग नाही. पक्षी किती अंतरावर होता, प्रकाश कसा होता, कोणत्या खुणा दिसल्या, मिळत्याजुळत्या जाती का वगळल्या, हे चार-पाच वाक्यांत लिहिले आणि फोटो किंवा ध्वनिमुद्रण जोडले, तर बहुतेक प्रश्न मिटतात. ‘स्पष्ट दिसला’ एवढ्या शेऱ्यावरून कोणालाही निर्णय घेता येत नाही.

घरट्याची किंवा घुबडाच्या ढोलीची जागा इतरांना सांगावी का?

नाही. याबाबत आम्ही कोणतीही सवलत सुचवू इच्छित नाही. घरट्याचे ठिकाण एका गटात गेले, की दुसऱ्या दिवशी तेथे माणसांची रांग लागते. आईबाप घरट्याकडे येईनासे होतात, पिले उपाशी राहतात, आणि कावळ्यांना व मांजरांना माग मिळतो. घुबडांच्या बाबतीत अंधश्रद्धेपोटी होणाऱ्या शिकारीचाही धोका आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणे याचाही समावेश आहे, हे छायाचित्रकारांनी विशेष लक्षात घ्यावे.

नोंद मात्र दडवण्याची गरज नाही. ती काही आठवड्यांनी, पिले उडून गेल्यावर सार्वजनिक करता येते, किंवा नेमक्या झाडाऐवजी संपूर्ण परिसराचे ठिकाण देता येते. काही संवेदनशील जातींचे नेमके स्थान ई-बर्ड स्वतःहूनच झाकून ठेवते. फोनने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश साठवलेले असू शकतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. फोटो पुढे पाठवण्यापूर्वी ती माहिती काढून टाकावी.

आवाज वाजवून किंवा खाद्य टाकून पक्षी बोलावला तर काय बिघडते?

मुद्रित आवाज ऐकून पक्षी बाहेर येतो तो आपल्या हद्दीत प्रतिस्पर्धी शिरला असे वाटल्यामुळे. त्या वेळी त्याने पिलांना भरवायचे किंवा अंडी उबवायची असतात, ते सोडून तो नसलेल्या शत्रूला हुसकावत राहतो. विणीच्या हंगामात आणि गर्दीच्या ठिकाणी हे पूर्णपणे टाळावे. छायाचित्रासाठी अळ्या टोचून ठेवणे हीही पक्षिनिरीक्षणाच्या नावाखाली चाललेली एक वाईट रीत आहे.

परवानगी कोठे लागते?

अभयारण्यांत व राखीव वनांत वनविभागाची, खासगी शेतात मालकाची. लष्करी हद्दीच्या आसपास दुर्बीण व कॅमेरा बाहेर काढू नये.

सोबत शिकायचे असेल तर कोणाकडे जावे?

मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ पासून कार्यरत आहे. महाराष्ट्र पक्षिमित्र या संघटनेची संमेलने राज्याच्या वेगवेगळ्या भागांत भरतात, आणि तेथे गावोगावचे अनुभवी निरीक्षक भेटतात. मारुती चितमपल्ली यांचा ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर हा जन्मदिवस, म्हणून या दोन तारखांदरम्यान राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो आणि ठिकठिकाणी सहली निघतात. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस चालणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ या जागतिक गणनेत भारत २०१३ पासून सहभागी आहे. घराच्या गच्चीवरून केलेली पंधरा मिनिटांची यादीही त्यात चालते, म्हणून नवख्यांनी येथूनच सुरुवात करावी.

सामान्य माणसाच्या नोंदींचा खरोखर उपयोग होतो का?

होतो, आणि तो मोजता येण्याजोगा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालासाठी ३०,००० हून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या नोंदी वापरून ९४२ जातींच्या स्थितीचे मूल्यमापन केले गेले, आणि त्यांतील १७८ जातींना संवर्धनाच्या दृष्टीने उच्च प्राधान्य देण्यात आले. विजेच्या तारेवर सहज दिसणारा म्हणून आपण गृहीत धरलेला नीलपंख लक्षणीयरीत्या घटला आहे, तर मोर आणि कोकीळ वाढले आहेत, हे याच नोंदींतून पुढे आले. नीलपंख ‘नेहमीचाच’ म्हणून सर्वांनी तो यादीत लिहिला नसता, तर ही घट कोणाच्याही लक्षात आली नसती. स्थानिक पातळीवरही एखाद्या तलावाच्या सुशोभीकरणाला हरकत घ्यायची असेल, तर भावनेपेक्षा सलग दहा वर्षांच्या तारीखवार याद्या अधिकाऱ्यांसमोर ठेवणे अधिक परिणामकारक ठरते.

पायात कडी किंवा गळ्यात पट्टी असलेला पक्षी दिसला तर?

पट्टीचा रंग, त्यावरील अक्षरे व अंक, ती कोणत्या पायात आणि गुडघ्याच्या वर आहे की खाली, हे लिहून घ्यावे आणि फोटोसह बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे. मंगोलियात पट्ट्या घातलेले पट्टकादंब भारतात अशाच पद्धतीने ओळखले गेले आहेत.

माझ्याकडे जुन्या वह्यांमध्ये पंधरा-वीस वर्षांच्या नोंदी आहेत. त्यांचे काय करावे?

त्या ई-बर्डमध्ये जरूर भराव्यात. वेळ आणि अंतर लिहिलेले नसले तरी तारीख व ठिकाण माहीत असल्यास अशा याद्या ‘ऐतिहासिक’ या प्रकारात नोंदवता येतात. भारतात ई-बर्डचा वापर वाढला तो गेल्या दशकभरात. त्यामुळे त्याआधीच्या काळातील पाषाण, कवडीपाट किंवा सासवडच्या माळांविषयीची तारखेसह असलेली कोणतीही यादी दुर्मीळ पुरावा ठरते. आठवणीतून आकडे भरू नयेत, वहीत जे लिहिले आहे तेवढेच उतरवावे, आणि भरून झाल्यावरही मूळ वही जपून ठेवावी, कारण शंका आल्यास पडताळणीसाठी तीच लागते. घरातील ज्येष्ठांनी पूर्वी अशा नोंदी ठेवल्या असतील, तर त्यांच्या सोबत बसून जुन्या गावठी नावांचा पक्षी नेमका कोणता, हे ते सांगू शकतात तोवर विचारून लिहून घ्यावे.